लिनक्सवर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरूच होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी लागली की घरातला जुना लॅपटॉप मुलं मागून घेतात, त्यावर उबंटू हे लिनक्स टाकतात आणि मित्रांसाठी माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर लावायला बसतात. पहिल्याच संध्याकाळी कुठेतरी गाडी अडते आणि फोन येतो. गेली काही वर्षं असे फोन मी घेतोय. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

इथे माइनक्राफ्टची जावा एडिशन आणि उबंटू किंवा डेबियन गृहीत धरलंय. कमांड (टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या सूचना) मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. ‘मायनस’ म्हणजे आडवी रेघ, ‘डॉट’ म्हणजे टिंब, ‘स्लॅश’ म्हणजे तिरकी रेघ.

सर्व्हर सुरू होत नाहीये. सगळ्यात आधी काय बघू?

तो काय म्हणतोय ते वाचा, आणि वरून वाचा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त अडचणी इथेच सुटतात.

भाचीचा पहिला फोन आला तेव्हा ती एवढंच सांगत होती, “मामा, काहीच होत नाहीये.” मी म्हटलं, एंटर दाबल्यावर जी पहिली ओळ येते ती मला अक्षर अक्षर वाचून दाखव. तिने वाचलं: अनेबल टू ॲक्सेस जारफाईल. म्हणजे जावा (ज्याच्यावर सर्व्हर चालतो तो प्रोग्राम) चालू होत होतं, पण त्याला सर्व्हरची फाईल सापडत नव्हती. फोल्डरमधल्या फाईलचं नाव मोठ्या ‘एस’ने सुरू होत होतं आणि कमांडमध्ये छोटा ‘एस’ होता. विंडोजला ही दोन्ही नावं सारखीच. लिनक्सवर ती दोन वेगळ्या फाईलींची नावं होतात. तीन मिनिटांत काम झालं.

जावा चुकलं की वीस-तीस ओळींचं शेपूट सोडतं. ‘ॲट’ने सुरू होणाऱ्या ओळी सध्या सोडून द्या. त्यांच्या वरची ओळ बघा, आणि खाली कुठे ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी ओळ असेल तर ती बघा. पडद्यावरून मजकूर निघून गेला असेल तर सर्व्हरच्या फोल्डरात ‘लॉग्ज’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘लेटेस्ट डॉट लॉग’ हा सर्व्हरच्या नोंदींचा मजकूर. ‘लेस’ ही कमांड देऊन तो निवांत वर-खाली वाचता येतो. शेवटी ‘डन’ असा शब्द, कंसात सेकंद आणि मदतीसाठी ‘हेल्प’ टाइप करा अशी ओळ दिसली, तर सर्व्हर सुरू झालेला आहे. तुमची अडचण मग जोडणीची आहे, तिचा प्रश्न खाली वेगळा आहे.

पहिल्यांदा चालवला आणि काही सेकंदांत आपोआप बंद पडला. फाईल खराब आहे का?

नाही, फाईल ठीक आहे. पहिल्या खेपेला तो ‘ईयूएलए डॉट टीएक्सटी’ ही वापराच्या शर्तींची फाईल तयार करतो आणि थांबतो. ती ‘नॅनो’ या टर्मिनलमधल्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये उघडा, ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ करा, सेव्ह करा आणि पुन्हा चालवा. त्या शर्ती मान्य आहेत असं तुम्ही सांगताय, तेव्हा एकदा वाचूनही घ्या.

‘ट्रू’ केलं तरी तोच निरोप येत असेल तर तुम्ही दुसऱ्याच फोल्डरात उभे राहून कमांड देत आहात. सर्व्हर आपल्या सगळ्या फाईली तुम्ही ज्या फोल्डरातून त्याला हाक मारता तिथे शोधतो. ‘पीडब्ल्यूडी’ टाइप करून बघा कुठे आहात ते.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ म्हणजे काय?

जावा जुनं आहे. त्याच ओळीत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ६५ आणि ६१. पहिला सर्व्हरला हवा असलेला, दुसरा तुमच्या जावाला झेपणारा. आकड्यातून ४४ वजा करा की जावाची आवृत्ती मिळते: ६५ वजा ४४ म्हणजे जावा २१ हवं आहे, ६१ वजा ४४ म्हणजे तुमच्याकडे १७ आहे. हे गणित लक्षात ठेवलं की कोणता तक्ता शोधावा लागत नाही.

ढोबळमानाने सांगायचं तर माइनक्राफ्ट १.१६ पर्यंत जावा ८ वर भागत होतं, १.१७ ला १६ लागलं, १.१८ पासून १७ आणि १.२०.५ पासून २१ लागू लागलं; त्यापुढच्या आवृत्त्यांना याहून नवंही लागू शकतं. उबंटू २४.०४ मध्ये ‘ओपनजेडीके-२१-जेआरई-हेडलेस’ हे पॅकेज ‘ॲप्ट’ या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने थेट मिळतं. डेबियन १२ च्या भांडारात मात्र १७ च आहे, तिथे टेम्युरिनसारखं बाहेरून दिलं जाणारं जावा घ्यावं लागतं.

नवं टाकलं आणि ‘जावा मायनस व्हर्जन’ अजून जुनाच आकडा दाखवतंय? मशीनवर दोन जावा नांदत आहेत. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ कमांडने त्यातलं कोणतं मुख्य ते निवडा.

स्टार्टची स्क्रिप्ट चालवली की ‘पर्मिशन डिनाइड’ येतं.

स्क्रिप्ट म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाईल, आणि ती चालवण्याची परवानगी दिलेली नाही. ‘सीएचमॉड यू प्लस एक्स’ आणि पुढे फाईलचं नाव. मग ‘डॉट स्लॅश’ लावून हाक मारा. नुसतं नाव टाइप केलं तर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल, कारण लिनक्स चालू फोल्डरात आपणहून शोधत नाही. परवानगी देऊनही तेच येत असेल आणि फाईल पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर असेल, तर ती तुमच्या होम फोल्डरात आणा.

फाईल डोळ्यांसमोर दिसतेय आणि तरी म्हणतो ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’!

या निरोपाने भल्याभल्यांच्या रात्री खाल्ल्या आहेत. सापडत नाहीये ती तुमची फाईल नसून ती चालवायला लागणारी दुसरी एखादी गोष्ट असते.

बहुतेक वेळा स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली असते. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह ठेवतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘बिन स्लॅश बॅश’ असं ती चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव असतं, त्याला ते चिन्ह चिकटतं आणि लिनक्स ‘बॅश-अधिक-काहीतरी’ अशा नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. ‘कॅट मायनस मोठा ए’ने फाईल बघितली की ओळींच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि ‘एम’ दिसतो. ‘डॉस-टू-युनिक्स’ हे छोटं पॅकेज टाका (नावातला ‘टू’ आकड्यात आहे), फाईलवर एकदा चालवा, झालं. यापुढे स्क्रिप्ट ‘नॅनो’मध्येच लिहा.

दुसरं कारण जुन्या ३२-बिट गेम सर्व्हरांचं. ते खाली काउंटर-स्ट्राइकच्या प्रश्नात आहे.

‘सुडो’ लावलं की चालतो. मग नेहमी सुडोनेच चालवू का?

नको. हे मी कळकळीने सांगतोय. ‘सुडो’ लावलं की कमांड रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, नावाने चालते.

एक तर सुरक्षेचं कारण. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं मोठं भगदाड उघडकीला आलं, आणि त्याचा पहिला गाजावाजा माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवरच झाला. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की समोरच्या सर्व्हरवर बाहेरचा कोड चालवता येत होता. १.१८.१ मध्ये ते बुजवलं. त्या आठवड्यात जो सर्व्हर रूट म्हणून चालत होता, त्याचं अख्खं मशीन उघडं होतं. साध्या युजरखाली चालणाऱ्याचं नुकसान त्या युजरपुरतं राहिलं असतं.

दुसरं कारण रोजच्या वापरातलं. एकदा जरी सुडोने चालवलात, तरी नव्याने तयार झालेल्या लॉग आणि जगाच्या फाईलींची मालकी रूटकडे जाते. दुसऱ्या दिवशी साध्या युजरने चालवला की ‘ॲक्सेस डिनाइड’. मग माणूस पुन्हा सुडो लावतो आणि चक्र चालू राहतं. यात माझ्या दोन रात्री गेल्या होत्या. ‘एलएस मायनस एल’ करून तिसरा रकाना बघायला हवा होता, तिथे मालकाचं नाव असतं. तो रूट दिसला तर ‘सुडो सीएचओन मायनस मोठा आर’, पुढे तुमचं युजरनेम आणि पुढे सर्व्हरचं फोल्डर. एवढ्या एका कामापुरतं सुडो योग्य.

सर्व्हरसाठी ‘ॲडयूजर’ने वेगळा युजर करणं सगळ्यात चांगलं.

‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ येतं.

खालची ओळ वाचा. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असेल तर २५५६५ हे पोर्ट (जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) कोणीतरी आधीच धरून बसलंय, आणि तो कोणीतरी बहुधा तुमचाच कालचा सर्व्हर असतो, न दिसता मागे चालू राहिलेला. ‘सुडो एसएस मायनस टीएलएनपी’ दिलं की कोणत्या पोर्टवर कोण आहे आणि त्याचा प्रोसेस क्रमांक काय ते दिसतं. नुसतं ‘किल’ आणि तो क्रमांक द्या, सर्व्हर जग सेव्ह करून बंद होतो. ‘किल मायनस ९’ने तो सेव्ह न करता जागीच मरतो, म्हणून तो अगदी शेवटचा उपाय.

‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ असेल तर ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या सेटिंगच्या फाईलमध्ये ‘सर्व्हर-आयपी’ समोर तुम्ही इंटरनेटवरचा पत्ता लिहिला आहे. तो पत्ता राउटरचा असतो, तुमच्या मशीनचा नव्हे. ती जागा रिकामी सोडा.

टर्मिनलवर फक्त ‘किल्ड’ एवढाच शब्द आला. मी तर काहीच केलं नाही.

लिनक्सने केलं. मेमरी संपायला आली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसचा बळी देतो. ‘सुडो डीमेसेज’च्या शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’ असा उल्लेख सापडेल (कमांडच्या इंग्रजी नावात मेसेजची फक्त ‘एमईएसजी’ ही अक्षरं आहेत). सिस्टीमडीने (प्रोग्राम आपोआप चालू करणारी लिनक्सची व्यवस्था) चालवत असाल तर लॉगमध्ये ९ क्रमांकाचा सिग्नल दिसेल.

मुलं ४ जीबीच्या लॅपटॉपवर जावाला ४ जीबी देऊन टाकतात. पण ‘मायनस मोठा एक्स एमएक्स’ने दिलेला आकडा फक्त जावाच्या हीपचा, म्हणजे गेमची माहिती ठेवायच्या मेमरीचा, असतो. जावाला त्याबाहेरही मेमरी लागते आणि उबंटूच्या डेस्कटॉपलाही. ४ जीबीच्या मशीनवर मी २ जीबी देतो आणि ‘व्ह्यू-डिस्टन्स’ (किती दूरचं जग दिसावं) १० वरून ६ करतो. मोड (गेममध्ये बदल करणारे जादा भाग) नसतील तर चार-पाच मुलं त्यात छान खेळतात. हा पर्याय ‘मायनस जार’च्या आधी लिहायचा. नंतर लिहिलात तर तो जावाला न मिळता गेमच्या सर्व्हरकडे जातो.

टर्मिनल बंद केलं की सर्व्हरही बंद होतो.

टर्मिनलचं मूल आहे ते, त्याच्याबरोबरच जाणार. ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम टाका, ‘स्क्रीन मायनस मोठा एस’ आणि एक नाव देऊन सत्र उघडा, आत सर्व्हर चालू करा. कंट्रोल-ए आणि मग डी दाबून बाहेर पडा, परत यायला ‘स्क्रीन मायनस आर’. तशाच ‘टीमक्स’ची सवय असेल तर तेही तितकंच चांगलं.

हाताने चालवला की चालतो, पण सिस्टीमडीची सर्व्हिस केली की पडतो.

सिस्टीमडीला तुमचं फोल्डर माहीत नसतं. सर्व्हिसच्या फाईलमध्ये ‘वर्किंगडिरेक्टरी’ (यात डब्ल्यू आणि डी मोठे) लिहिली नाही तर तो मुळापासून, म्हणजे नुसत्या स्लॅशपासून सुरू होतो, आणि तिथे ना ईयूएलए असतं ना तुमचं जग. जावाचा पूर्ण मार्ग द्या, ‘यूजर’ (मोठा यू) द्या, आणि फाईल बदलली की दर वेळी ‘सिस्टीमसीटीएल डेमन-रीलोड’.

‘सिस्टीमसीटीएल स्टेटस’मध्ये एक क्रमांक दिसतो. २०० असेल तर ते फोल्डर उघडता आलं नाही. २०३ असेल तर प्रोग्रामचा मार्ग चुकलाय किंवा त्याला चालवण्याची परवानगी नाही. २१७ म्हणजे तुम्ही लिहिलेला युजरच मशीनवर नाही. ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ हा निरोप मूळ आजार सांगत नाही. सर्व्हर पुन्हा पुन्हा पडला म्हणून सिस्टीमडीने नाद सोडला, एवढाच त्याचा अर्थ. मूळ कारण ‘जर्नलसीटीएल मायनस यू’ आणि सर्व्हिसचं नाव देऊन वर जाऊन शोधा.

लाईट गेली होती. आल्यावर सर्व्हर सुरू होत नाही, किंवा जग नवंच दिसतं.

भारनियमनाच्या गावांतून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मुलांचे महिन्यांचे किल्ले पणाला लागलेले असतात, म्हणून सावकाश करा. सर्व्हर बंद ठेवा आणि काहीही करण्याआधी ‘वर्ल्ड’ फोल्डरची पूर्ण प्रत काढा. दुरुस्ती त्यानंतर.

आता त्या फोल्डरात ‘लेव्हल डॉट डॅट’ बघा. तिचा आकार शून्य बाइट असेल, तर लिहिता लिहिता वीज गेली. तिच्या शेजारीच ‘लेव्हल डॉट डॅट अंडरस्कोर ओल्ड’ असते, ती आधीची चांगली प्रत. खराब फाईलचं नाव बदला, जुनीची प्रत मूळ नावाने करा आणि सर्व्हर चालवा. बांधकाम ‘रीजन’ फोल्डरातल्या फाईलींमध्ये असतं, ते बहुतेक वेळा शाबूत मिळतं.

‘सेशन डॉट लॉक ऑलरेडी लॉक्ड’ असं आलं तर ती फाईल पुसायला धावू नका. ते कुलूप जिवंत प्रोसेस धरून असते आणि लाईट गेल्यावर ते आपोआप सुटतं. अजून लागलेलं असेल तर मशीन चालू झाल्यावर सर्व्हिसने एक सर्व्हर लावला आणि तुम्ही हाताने दुसरा लावताय.

लॅपटॉपची बॅटरी बरी असेल तर तोच छोटा इन्व्हर्टर. मात्र राउटर बंद होतो, तेव्हा मित्र बाहेर फेकले जातात, जग सुरक्षित राहतं.

लॅपटॉप कपाटावर ठेवला, झाकण लावलं आणि सर्व्हर गेला.

झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो. ‘स्लॅश ईटीसी स्लॅश सिस्टीमडी स्लॅश लॉगिनडी डॉट कॉन्फ’ या फाईलमध्ये ‘हँडललिडस्विच’च्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढा, बरोबरच्या चिन्हापुढे ‘इग्नोर’ लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. झाकण बंद ठेवून तासन्‌तास चालवायचा तर खाली हवा जाऊ द्या. गादीवर ठेवू नका.

सर्व्हर ‘डन’ म्हणतोय, पण मित्रांना जोडता येत नाही.

आतून बाहेर असं तपासत चला. त्याच मशीनवरून ‘लोकलहोस्ट’ पत्त्याने जोडलं जातंय? मग घरातल्या वायफायवरच्या दुसऱ्या मशीनवरून, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्याने? इथे अडलं तर फायरवॉलमध्ये (जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात) वाट उघडा: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ २५५६५ स्लॅश टीसीपी’. भाड्याचा क्लाउड सर्व्हर असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरही एक वेगळी फायरवॉल असते, तीही उघडावी लागते. घरात चालतंय पण बाहेरून नाही, तर राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी या मशीनकडे वळवा.

ते करूनही जमलं नाही तर राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर वेगळाच दिसत असेल, तर इंटरनेट देणाऱ्याने अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय. आपल्याकडे हे सर्रास असतं. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. यात तुमची काही चूक नाही. महिन्याला थोडे पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मिळतो का ते विचारा. नाहीतर टेलस्केल किंवा झीरोटियर सगळ्या मित्रांच्या मशीनवर टाका, त्यातून सगळे एकाच घरातल्या नेटवर्कवर असल्यासारखे जोडले जातात. पाच-सहा ओळखीच्या मुलांसाठी मला हाच मार्ग आवडतो, कारण अनोळखी माणूस आत येऊ शकत नाही.

आणि मित्र मोबाइलवर खेळतात का ते आधीच विचारा. मोबाइलवरचं माइनक्राफ्ट बेडरॉक एडिशन असतं, ते जावाच्या सर्व्हरला जोडलं जात नाही. त्यासाठी मध्ये ‘गायझर’ हा दुभाषा प्रोग्राम लागतो, किंवा बेडरॉकचा स्वतंत्र सर्व्हर. त्याचं पोर्ट १९१३२, आणि ते यूडीपी (वरच्या कमांडमधल्या टीसीपीच्या जागी).

मोड टाकल्यापासून पडतो.

सगळे मोड बाहेर काढा, सर्व्हर चालतो का बघा, मग निम्मे परत टाका. पडला तर दोषी त्या निम्म्यांत. नकाशा किंवा ग्राफिक्सचे मोड खेळणाऱ्याच्या मशीनसाठी असतात. ते सर्व्हरवर टाकले तर ‘क्रॅश-रिपोर्ट्स’मध्ये ‘क्लायंट’ शब्द असलेल्या क्लासचं नाव दिसतं.

काउंटर-स्ट्राइक १.६ चा सर्व्हर लावायचाय. ‘नो सच फाईल’ येतं.

सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून डस्ट-टू नकाशावर खेळलेली आमची पिढी अजून हा प्रश्न विचारते, आणि मला तो आवडतो. तो सर्व्हर ३२-बिट आहे. ६४-बिट लिनक्सवर त्याला चालवणारा ३२-बिट लोडर नसतो, म्हणून फाईल असूनही नाही म्हणतो. ‘डीपीकेजी’ने आय-३८६ आर्किटेक्चर जोडा, ‘ॲप्ट अपडेट’ करा आणि ‘लिब३२जीसीसी-एस१’ टाका. सर्व्हर उतरवणाऱ्या स्टीमसीएमडी या प्रोग्राममध्ये ॲप क्रमांक ९०. तो एका खेपेत पूर्ण उतरतोच असं नाही, ‘फुली इन्स्टॉल्ड’ असं येईपर्यंत तीच कमांड पुन्हा द्या. पोर्ट २७०१५, यूडीपी. रास्पबेरी पायवर मात्र हा चालत नाही, कारण तिथला प्रोसेसर एआरएम आणि हा इंटेलच्या घराण्यासाठी बांधलेला. जावाचा सर्व्हर पायवर चालतो.

एवढं करूनही अडलंय. मदत मागताना काय पाठवू?

‘लेटेस्ट डॉट लॉग’ ही अख्खी फाईल, फोनने काढलेला पडद्याचा फोटो नको. तुम्ही दिलेली कमांड जशीच्या तशी. ‘जावा मायनस व्हर्जन’, ‘यूनेम मायनस ए’, ‘फ्री मायनस एच’ आणि ‘डीएफ मायनस एच’ यांची उत्तरं. शेवटच्या कमांडमध्ये डिस्क १०० टक्के भरलेली दिसली तर पाठवण्याआधी जुने बॅकअप दुसरीकडे हलवून एकदा चालवून बघा. आणि लॉगमध्ये मित्रांचे आयपी पत्ते असतात, ते खोडून पाठवा.